पंख्याखालचा बाक

माझगावच्या आमच्या देवळात पंखे अकरा,
चालतात सात,
मनापासून फिरतो एकच.
त्याच्या पात्यांवर लाल रंगात लिहिलंय
कै. सगुणाबाई रणभिसे यांच्या स्मरणार्थ.
त्याखालचा बाक कुणाचाही नाही.
फक्त मी दर रविवारी
रणभिसेसाहेबांची गाडी वळताना दिसली
की त्यावरून पदर फिरवते.

मे महिन्यात एक माणूस आला,
दारूखान्यात जहाजं तोडणारा.
नखांत गंज. सदरा धुतलेला,
पण पाठीवर अजून ओला.
मी म्हटलं, या, इथं बसा जिन्यापाशी,
वारा येतो.
तिथं वारा कधीच येत नाही.
येतो तो चपलांचा वास.

पाळकबाईंनी नेमकं तेच वाचन काढलं,
अंगठीवाल्याचं आणि मळक्या कपड्यांच्या माणसाचं.
मी गीतांच्या पुस्तकात डोकं घातलं.
पुस्तक उलटं होतं.

उपासनेनंतर चहा, समोसे.
टोचणी लागलेली,
म्हणून त्याच्या बशीत मी दोन ठेवले.
त्यानं बशीकडं पाहिलं, मग रांगेकडं.
"सगळ्यांना दोन हायेत?"
नाही, तुम्हालाच.
त्यानं एक परत ठेवला.
रागानं नव्हे.
चुकून जास्त आलेले सुटे पैसे
गिऱ्हाईक परत करतं, तसा.

माझ्या बापाचा भायखळ्याच्या मंडईत कांद्याचा गाळा.
तो म्हणायचा,
शेट आला म्हणून झुकतं माप देऊ नको,
फाटकं लुगडं आलं म्हणूनही नको.
काट्यावर बोट नाही ठेवायचं, बाय.
दयेचं असलं तरी ते बोटच.
मला वाटायचं, बाप चिक्कू आहे.

पुढच्या रविवारी तो जिन्यापाशी थांबलाच नाही.
सरळ पंख्याखाली गेला,
साहेबांना म्हणाला, सरका की जरा.
आणि साहेब सरकले.
बारा वर्षांत त्यांना सरकताना
मी पहिल्यांदा पाहिलं.
कुणी तसं म्हटलंच नव्हतं.

मधल्याच गीताला वीज गेली.
फिरता लाल गोल थांबत थांबत अक्षरं झाला.
तो मान वर करून वाचत होता, बोट धरून, हळू.
"आई का?"
"बहीण," साहेब म्हणाले. "धाकटी."
पुढचं मला ऐकू आलं नाही,
वही घेऊन दारात उभी होते.
मी बारा वर्षं त्यांना बाक पुसून दिला,
हे एवढं विचारलं नव्हतं.

त्याचं नाव एलिया तुपे.
वहीत लिहून घेतलंय.

अजून मी दारातच असते.
पदर खोचलेला.
तरी हॉर्न वाजला की हात आपोआप तिकडं जातो.
गाडी मला लांबूनच कळते,
वळणाआधी.
चालत येणारं माणूस
अजून अगदी जवळ आल्यावर.