सांगायचं राहिलं ते

शेनजियामेनच्या वाटेवर गाडीतच
पढवून ठेवलं होतं मी प्रेबेनला:
दारासमोरची खुर्ची तुझी. आधी नको नको म्हण, मग बस.
ग्लास भिडवताना तुझा काठ
गूकाकांच्या काठाखाली असू दे.
वरची बाजू संपली तरी मासा उलटायचा नाही,
इथं घरटी एक होडी आहे.
आणि ताट चाटूनपुसून ठेवलंस
तर काकू पुन्हा वाढतील,
मग माझ्या नावानं बोंबलू नकोस.

गडी गुणी. सगळं पाळलं.
मधला काटा अलगद उचलून खालचं मांस काढलं,
काका खूश, तिसरा ग्लास.

भात शेवटी आला.
लेकीचा फोटो दाखवायला दोन्ही हात हवे होते,
म्हणून चॉपस्टिक्स त्यानं
भातात उभ्या खोवल्या.
उदबत्त्यांसारख्या.

कुणी चकार शब्द काढेना.
बंदरात कुणाचं तरी इंजिन खोकत होतं.

होडी परतली नाही त्याला तीन वर्षं झाली,
तरी थोरल्याच्या नावाचा असा वाडगा
काकूंनी कुणालाही मांडू दिला नव्हता.

त्या उठल्या.
प्रेबेनचा वाडगा दोन्ही हातांनी उचलला,
खिडकीत ठेवला, पाण्याकडे.
कललेली एक काडी सरळ केली.

"माझं काही चुकलं का?" तो कुजबुजला.

काकू दुसरा वाडगा भरत होत्या,
दाबून दाबून,
माझ्याकडे न बघता काहीतरी पुटपुटल्या.

"विचारतायत," मी म्हटलं,
"मुलीचं नाव काय."