पान एकशे तीन

वेंगुर्ल्यात, मांडवीच्या रस्त्याला,
बाबल आरोलकरांनी पत्र्याची ट्रंक उघडली.
आधी डांबरगोळ्यांचा वास आला, मग खारा.

मी हातमोजे घातले. ते हसले.

रौप्यमहोत्सवी अंक, एकोणीसशे अडुसष्ट.
मुखपृष्ठ शाबूत. कणा एका जागी खचलेला.
पिना गंजल्यात, बंदरावर ते चालायचंच,
पण गंज तीन पानं आत उतरलाय : वजा चाळीस.
समासात कुणीतरी बांगड्यांचा हिशेब मांडलाय : वजा वीस.
कसर जाहिरातींवरच भागलेली. ते बरं.

समुद्र ऐकू येत होता, दिसत नव्हता.

मग पान एकशे तीन. उलटं.
ओळी डोक्यावर उभ्या, आकडासुद्धा.
मी श्वास धरला. चूक ध्यानात येण्याआधी
मोजक्या प्रती बाहेर गेल्या असं नुसतं ऐकून होतो.
म्हटलं, आजोबा, ह्या एका पानाचे
नऊ हजार जास्त.

ते स्वतःच्या बोटांकडे बघत राहिले.
अंगठ्याच्या रेषांत अजून खिळ्यांचं शिसं,
किंवा मला तसं वाटलं.

"ह्या पान मियाच लावलंय.
त्या रातीक झिलाक ताप इल्लो.
मालकान पगारातले साडेतीन रुपये कापल्यान."

पंखा फिरला. अंक आपोआप मिटला,
त्यांनी तो पुन्हा उघडला, त्याच पानावर,
आणि वाचता यावं म्हणून
अख्खा अंक फिरवून धरला.

"तेचे आता किती होतले?"

मी पेन्सिलीला टोक करायला घेतलं.
ते होतंच.