टंच

काउंटरवर त्यानं आईचे तोडे ठेवले,
ज्या गुळगुळीत फोल्डरात घालून आणले होते
त्या फोल्डरावरच.
त्यावर निळा समुद्र, पांढरं घर
आणि एक कुटुंब, ज्याला कधी घाम येत नाही.

"किती येतील काका? संध्याकाळपर्यंत
फाईल चार्ज भरायचाय.
आज भरला तरच नंबर लागतोय."

तोडे घासले. कसोटीवर राखाडी रेघ,
रेघेवर तेजाबाचा थेंब.
बत्तीस वर्षं गुजरीत हेच करतो.
थेंब काय सांगतोय बघताना
माणसं श्वास धरतात, तसा त्यानं धरला.
मी मात्र समुद्राकडं बघत होतो.
हा समुद्र माझ्या ओळखीचा आहे.

हुपरीचा भरतेश शेंडुरे, माझा वर्गमित्र,
पैंजण कानाशी हलवून मिलावट सांगणारा.
त्याला याच पाण्याकाठी घर मिळणार होतं,
घराबरोबर परवाना, अख्ख्या कुटुंबाला राहायचा.
सत्तर लाख गुंतवा, सहा महिन्यांत कार्ड.
ऑफिस राजारामपुरीत, जिना चढून पहिल्या मजल्यावर,
एसी इतका की भरतेशनं मफलर गुंडाळला.
कोटातले साहेब. नाव मिस्टर रोहन, एवढंच.
आडनाव विचारायचं राहून गेलं.
आणि आम्ही कोण? चहा पुढं करायच्या आधी
गाव, भावकी, मामाचं गाव विचारणारी माणसं!

"अर्ज फेटाळायचा प्रश्नच नाही," साहेब म्हणाले,
"तिथल्या खात्यात आपला माणूस बसलाय."
मी शेजारीच होतो. साक्षीदाराची सही माझी आहे.
हजारात किती खोट ते सांगणारा मी,
त्या वाक्यावर एक थेंब टाकला नाही.
खरं सांगायचं तर मी तेव्हा
मनातल्या मनात माझाही प्लॉट विकत होतो.

थांबवलं कमलश्रीवहिनींनी.
बचत गटाचं रजिस्टर लिहितात, बाकी काही नाही.
पावती उलटीसुलटी करून म्हणाल्या,
"पैसे त्या देशाच्या सरकारला जाणार म्हणता,
मग खातं सोलापूरच्या साडी सेंटरचं कशाला?"
भरतेश आठ दिवस त्यांच्याशी बोलला नाही.
वहिनींनी भाचीकडनं सरळ तिकडच्या खात्याला मेल धाडला.
चौथ्या दिवशी उत्तर. दोन ओळी.
या नावाचा एजंट आमच्या यादीत नाही, यादी कुणालाही बघता येते.
आणि ही योजना दोन वर्षांपूर्वीच बंद झाली आहे.

कुणालाही बघता येते.
फुकट. घरबसल्या.

पाच लाख टोकन तोवर गेलेच होते.
त्या ऑफिसात आता नखं रंगवून देतात. एसी तोच.
पोलिसात जाऊया म्हटलं तर भरतेश म्हणाला,
"नको. हुपरी हसंल.
चांदी कळणारा शेंडुरे कागदाला फसला म्हणंल."
म्हणून तो गप्प. म्हणून मी गप्प.
आणि आमच्या गप्प बसण्याच्या भांडवलावर
फोल्डर पुन्हा छापून आलं.
या खेपेला कागद जरा जाड आहे.

"काका?"

"तोडे खरे आहेत," मी म्हणालो,
"जुनी चांदी. आईला विचारलंस?"
तो समुद्राकडं बघायला लागला.
"वजन करा की. पाचला बंद होतंय त्यांचं."

मी काटा बंद केला.
आता हा उठून शेजारच्या दुकानात जाईल,
तिथं कुणी काही विचारणार नाही.
हाताला येईल तसा फोन लावला.

"भरत्या, एक पोरगं बसलंय समोर.
तुझ्याच समुद्राचं हाय.
बोलतोस त्याच्याशी?"

पलीकडं घुंगरांचं मशीन खडखडत होतं.
खूप वेळ नुसतं तेच.
मग कुणीतरी ते बंद केलं.