विषय क्रमांक सात

अग्निशमनाचा बंब बाहेर बर्फात उभा करून
त्याच्या जागेत आम्ही खुर्च्या मांडतो,
महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी.
फरशीवर तेलाचा जुना डाग आहे,
तो टाळून सगळे बसतात,
जणू तिथे आधीच कुणी बसलंय.
मी इतिवृत्त लिहिते. सव्वीस वर्षं.
काय बोललं गेलं ते लिहायचं नसतं,
काय ठरलं तेवढंच.

विषय क्रमांक सात:
आर्लिस ट्वेट यांची एकशे बारा एकर जमीन,
तिच्यावर घरं बांधण्याचा हक्क
गावाने विकत घ्यावा किंवा कसे.
जमीन नव्हे. हक्क.
घेऊन तो कपाटात ठेवायचा,
पुन्हा कुणी वापरू नये म्हणून.
दर घरामागे वर्षाला अठरा डॉलर.

मागून कुणीतरी म्हणालं,
न होणाऱ्या गोष्टीचे अठरा?
हशा पिकला.
विस्कॉन्सिनात जानेवारीत तेवढंच पिकतं.

काउंटीच्या मुलीने काचेची नळी आणली होती,
आर्लिसच्या शेतात खोल खुपसून काढलेली माती:
वरून दोन फूट काळीभोर,
मग तपकिरी, मग पिवळट.
नळी हातोहात फिरली.
बोलणाऱ्यांचे आवाज तेवढ्यापुरते खाली आले.
एका म्हाताऱ्याने बूच काढून वास घेतला
आणि पुढे न देता
बराच वेळ मांडीवर धरून ठेवली.
मी लिहिलं: नमुना दाखवण्यात आला.

ऑरव्हिल ब्रेक्के म्हणाला,
माझं म्हातारपण मी बँकेत नाही, शेतात ठेवलंय.
आज तिच्या राजीखुशीने घेताय,
उद्या माझ्या दारात याल,
तोवर शेजारचा भाव पडलेला असेल.
आणि तो काही खोटं बोलत नव्हता.

मग ओक मेडो वसाहतीतली पा झुआ हेर उठली,
अंगात अजून नर्सचा निळा डगला.
माझ्या पत्त्यात ओक आहे, कुरणही आहे, ती म्हणाली,
चार वर्षं शोधतेय, दोन्ही सापडली नाहीत.
खिडकीतून आर्लिसबाईंचा मका दिसतो.
माझं घर उभं आहे तिथेही
कुणाला तरी मका दिसत असणार.
मला हे म्हणायचा हक्क आहे का, माहीत नाही.
एवढं बोलून ती खाली बसली,
नेमकी त्या डागावरच्या खुर्चीत.

लॉर्ना स्कार: हो.
ऑरव्हिल ब्रेक्के: नाही.
उरला अध्यक्ष, डेल्बर्ट हॉगन.
अठ्ठ्याण्णव साली त्याने चाळीस एकर विकले,
तिथल्या दोन गल्ल्यांना त्याच्या मुलींची नावं आहेत,
मुली दोघीही ॲरिझोनात.
त्याने टोपी काढली, परत घातली.
मला विचारलं, कागदावर 'कायमचं' असं लिहिलंय?
लिहिलंय, मी म्हणाले.
कायमचं म्हणजे किती?
वकील घसा खाकरायला लागला,
तेव्हा संध्याकाळपासून गप्प बसलेली आर्लिस म्हणाली,
डेल्बर्ट, मला बियाणं मागवायचंय.

हो, तो म्हणाला. टेबलाकडे बघून.

मी लिहिलं: दोन विरुद्ध एक, मंजूर.
सभा नऊ वाजून बारा मिनिटांनी संपली.

मुलांनी बंब आत घेतला.
डेल्बर्टला घरी जायला हमरस्ता जवळचा,
तरी त्याची पिकअप जोडी लेनकडे वळली.
पूर्वी त्याच्या शेताचं फाटक होतं
तिथे आता थांबण्याची पाटी आहे.
मागेपुढे कुणी गाडी नव्हती,
ब्रेकचे लाल दिवे मात्र
मला कुलूप लावून होईपर्यंत पेटलेलेच.

नळी टेबलावरच राहिली होती.
सकाळी काउंटीला फोन केला.
राहू द्या, ती मुलगी म्हणाली,
आमच्याकडे अशा पुष्कळ आहेत.
त्या शेतांवर आता काय आहे,
ते मी विचारलं नाही.