खोड

हा चाकू घे, तूवा. मूठ सैल झालीय,
चिकटपट्टीवर भागवलंय मी सतरा वर्षं.
दर झाडानंतर स्पिरिटने पुसायचा, विसरू नकोस.
बाकी कपाटात काय आहे ते दिसेलच तुला:
बुरशीच्या बशा, भुंगेऱ्यांच्या कुप्या
आणि माझ्या अक्षरातल्या चिठ्ठ्या,
ज्या आता मलाही लागत नाहीत.

एल्मचा रोग ओळखणं सोपं.
जुलैत एकच फांदी पिवळी पडते,
मिडसमरच्या नाचात एकट्यानेच रुसून बसावं तशी.
डहाळी तोडायची, साल सोलायची.
आत तपकिरी रेघ दिसली
की नारिंगी रंगाचा डबा उघडून
खोडावर पट्टा ओढायचा.
करवतवाले मागून येतात. ते विचारत नाहीत.

भुंगेरा तिळाएवढा. त्याच्यावर चिडून उपयोग नाही.
त्याला सालीखाली घर हवं असतं, एवढंच.
अंगाला चिकटून बुरशी आत आली
हे त्याच्या गावीही नसतं.

सोलायची, म्हटलं ना मी?
तिसऱ्या उन्हाळ्यात, गॉटलंडच्या दक्षिणेला,
यालमारच्या आवारात,
त्या दिवसाचं एकेचाळिसावं झाड.
पाऊस भुरभुरत होता, बोटं आखडली होती.
फांदी पिवळी होती.
मी सोलली नाही.
पट्टा ओढला आणि जेवायला गेले.

आठवड्याने तो ऑफिसात आला,
परातीएवढी चकती काखेत मारून.
टेबलावर ठेवली.
कडेची वर्तुळं फिकट, नितळ. कुठे एक ठिपका नाही.
"पाण्याच्या नळासाठी चर खणला होता," म्हणाला,
"त्या बाजूची मुळं तुटली असतील."
मग टोपी घातली. कॉफी नको म्हणाला.

मोजली मी. एकशे बारा.

त्यानंतर न सोलता एकही झाड सोडलं नाही.
वाळलेलं, साल गळून उघडं पडलेलं,
तरी ही बाई चाकू काढतेच, म्हणून पोरं हसायची.
खोडच आहे तिची, म्हणायची.
असेल. त्या एका खोडाचीच लागली.

परवा निरोपाच्या भाषणात म्हणाले,
बेटावरचे आकडे समाधानकारक आहेत.
मी मनात एक वजा केला,
सवयीने, आणि टाळ्या वाजवल्या.

चकती स्वयंपाकघरात असते, तिच्यावर पाव कापते.
इतके चरे पडलेत की आता
वर्तुळं मोजायची तर दिवा जवळ घ्यावा लागतो.
आज पिशवीत घालून आणलीही होती, तुला द्यायला.
पण नको.
तुझी तुला मिळेल.