मानशीचं दार

रायबंदरच्या धक्क्याला फेरी लागते
तेव्हा मी अठ्ठेचाळिसाव्या पानावर असते.
गेल्या मंगळवारीही तिथेच होते.

जानेवारीत वहीत लिहिलं होतं :
पन्नास पुस्तकं, आणि रोज एक पान स्वतःचं.
आता सप्टेंबर. सात झाली.
आठवं पर्समध्ये, गोळ्यांच्या पाकिटाला चिकटून.

दिवसा लेखा खात्यात दुसऱ्यांची बिलं तपासते,
रात्री आईची साखर.
मग वही उघडते, तर पेनच
माझ्याकडे बघत बसतं.

"झोप लागते का?" डॉक्टर कुंकळ्येकरांनी विचारलं.
"लागते. पुस्तक उघडलं की."
त्या हसल्या नाहीत.

काल चोडणला उतरून घरी गेलेच नाही,
खाजणाच्या बांधावर गेले.
रुझारियो मानशीच्या फळीवरची कालवं खरवडत होता.
"भरतीला हे आपसूक मिटतं," म्हणाला,
"ओहोटीला उघडतं.
ढकलायचं नाही, बाय. बिजागरी जाते."

बसले तिथेच. पुस्तक मांडीवर, मिटलेलं.
दारापलीकडे पाणी चढत राहिलं,
अलीकडे चिखलात एक खेकडा
काही न ठरवता चालला होता.

घरी येऊन पन्नासावर काट मारायला पेन उचललं,
मारली नाही. खाली लिहिलं :
आज भरती.
आईची साखर एकशे बासष्ट.