टिकलीचं वेत

अल धैदच्या पुढे, डांबर संपतं तिथून तीन किलोमीटरवर
बू हमदानचं फार्म. तिथे मी कुत्र्यांचा तलाठी.
हे नाव मीच मला दिलंय. पगारपत्रकावर टायपिस्ट आहे,
आणि फॅमिली व्हिसाला तीनशे दिरहम कमी.

एकोणीस सलुकी. पायांच्या काड्या, पोटं पाठीला टेकलेली.
पहिल्या आठवड्यात मला वाटलं, उपाशी ठेवतात.
युनूस हसला. खजूर, उंटिणीचं दूध, उकडलेली कोंबडी...
"आपल्याहून बरं जेवतात, मुन्शीजी."

नोंदणी दोन प्रकारची असते.
पूर्ण, म्हणजे कुत्रं तुमचं आणि त्याच्यापुढचं सगळं तुमचं.
मर्यादित, म्हणजे कुत्रं तुमचं.
पळवा, कुरवाळा, गाडीत पुढच्या सीटवर बसवा,
त्याच्या पोटी आलेल्याला वहीत जागा नाही.
आणि ही खूण पुसायचा हक्क मालकाला नसतो.
ज्याच्या दारात ते जन्मलं, त्या ब्रीडरलाच असतो.
कधी करारात असतं: पहिल्या वेतातली दोन पिल्लं त्याची,
निवडही त्याची.
आमच्याकडे वाट्यानं म्हैस देतात, तसंच काहीसं.

टिकली मर्यादित. कागदावर तिचं नाव सात शब्दांचं,
त्याला ती ओ देत नाही.
कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून मी टिकली म्हणतो. येते.
शेपटीच्या टोकाला गाठ आहे, हरभऱ्याएवढी.
तेवढ्यावर कुठल्याशा थंड गावातल्या बाईनं
फॉर्मवर फुली मारली.

मार्चमध्ये वादळ आलं, कुंपण एका जागी झोपलं.
मेमध्ये टिकली पाण्याच्या टाकीमागे व्याली.
सात.
शेवटची तांबूस, आखूड कानांची,
वादीतल्या त्या भटक्याचं तोंड घेऊन आलेली.

बू हमदान आला, उकिडवा बसला, बराच वेळ बघत राहिला.
"माझ्या आजाकडे कागद नव्हते," म्हणाला,
"ससा धरला की ते सलुकी."
मग उठला, कंदुऱ्याची वाळू झटकली.
"विकायची नाहीत. लिहायचीही नाहीत."

त्या रात्री मी दुसऱ्याच वेताचे कागद टाइप करत होतो,
पूर्ण नोंदणीचे. चार पिढ्या, तीस नावं.
मोजली.
पंधरा बाप, पंधरा आया.

आमचीही वंशावळ आहे. भाऊबंदकीच्या दाव्यात
काकांनी कोर्टात लावली होती, आठ पिढ्यांची,
स्टॅम्पपेपरवर. माझ्याकडे झेरॉक्स आहे.
तिच्यात एकही बाई नाही.
पुरुषांपासून पुरुष झाले,
केळीला केळ यावी तसे.

कुडाळला मावशीला फोन लावला.
तुझ्या आजीचं नाव काय गं?
"भागीची आवस म्हणत तिका सगळे."
नाव, मावशी, नाव.
"नाव कोण इचारी तेव्हा?"
पलीकडे पंखा वाजत होता. माझ्याकडे एसी.

रेशनच्या वहीची मागची पानं कोरी होती.
पट्टीनं रेघा मारल्या.
आई: टिकली. तिची आई, तिच्या आईची आई,
फाईल उघडून सगळ्या उतरवल्या, स्पेलिंग तपासून.
बापाच्या बाजूला काय लिहायचं ते कळेना.
युनूस म्हणाला, "कुंपण लिहा."
लिहिलं.

सहांना नावं दिली. कामगारांनी एकेक सुचवलं,
एकाला नेपाळी, दोघांना पश्तू.
तांबडीचं काही जमेना.
ती झोपली होती माझ्या चपलेवर तोंड टाकून,
तिच्या अंगाला दुधाचा आणि डिझेलचा वास.

नोंदणीचा प्रकार, या रकान्यापाशी थांबलोय.
सकाळी मावशीचा व्हॉइस मेसेज आला:
"चार दिवस थांब. सातेरीच्या जत्रेक जातंय,
थय एक म्हातारी आसा, तिका इचारतंय."